आजींनी मला आंघोळ घातली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुने, चार आसनांचे विमान आहे. इंजिन एकच, पण रग मोठी. बरीच वर्षे तुर्काना नावाच्या रखरखीत माळावर औषधे वाहिली, शाबासकी मिळवली. माझ्या पंखांतल्या इंधनाच्या टाक्यांच्या झाकणांतले रबर मात्र कधीच झिजले होते. उडतंय ना, मग कशाला बदलायचं, असे सगळे म्हणत.

गेल्या साली मी शेळ्यांची लस आणली आणि नाकिरू आजींचा कळप वाचला. तिथे आटलेल्या नदीत खड्डा खणावा तेव्हा पाणी लागते. तरी पुढच्या खेपेला आजींनी भल्या सकाळी डबे भरून आणले आणि मला आंघोळ घातली. पंखांवर, झाकणांवर, सगळीकडे. एवढा मान! मी हरखून गेले.

तेवढ्यात आजींच्या नातीला, अरुपेला, साप चावला. पाणी झाकणांतून टाक्यांत झिरपले होते. वैमानिक मुथोनी रोज उडण्याआधी टाक्यांच्या तळाचे इंधन पेल्यात काढून त्यात पाणी तर नाही ना, ते बघे. आज घाईत नेमके तेवढेच राहिले. आजींना आणि अरुपेला घेऊन आम्ही इस्पितळाकडे झेपावलो.

वर जाताच मला ठसका लागला. मग दुसरा. आणि इंजिन गप्प!

मुथोनीने माझे नाक खाली दाबले.

"अगं बये, वर घे ना. खाली कुठं नेतेस?" आजी म्हणाल्या.

"वर ओढलं तर धोंड्यासारखं पडू, आजी. नाक खाली असलं की तरंगतं हे. पोरीला घट्ट धरा."

वारा शीळ घालत होता, झुडपे अंगावर येत होती. खरे सांगू? भीती वाटत होती आणि अंगात वीजही संचारली होती! समोर आटलेल्या तळ्याचा कडक तळ दिसला. धाड, धाड, धाड! चाके टेकली आणि टिकलीसुद्धा.

मुथोनीने पेला भरून घेतला. वर इंधन, खाली पाणी.

"हे तर माझंच पाणी," आजी मटकन बसल्या. "म्हणजे मीच पोरीच्या जिवावर उठले?"

"तुम्ही मान दिलात, आजी. बघायचं काम माझं होतं, ते मी चुकवलं. उठा, पेला धरा."

दोघींनी पेल्यामागून पेला उपसला. शेवटी निव्वळ इंधन आले. मी खोकले, मग गरजले, आणि आम्ही पुन्हा आभाळात! अरुपे वेळेत पोचली. आता जरा लंगडते, पण शेळ्यांमागे पळते.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे तिला खुशाल न्हाऊ-माखू घाला, पण तिच्या पोटातही डोकावून बघा. आम्हाला दुखणे सांगता येत नाही. आम्ही सरळ बंद पडतो, आणि तेव्हा आमच्या कुशीत कुणाची तरी नात असते.