गोजराबायचा जर्मनी दौरा

क्षिप्रा तोंडानं बोलत नाही, ही गोजराबायची सुनेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार होती. भांडणाऱ्या सुनेशी भांडता तरी येतं, हिच्याशी काय करायचं? भात करपला म्हटलं तर "हो आई", भात बरा झालाय म्हटलं तरी "हो आई". लग्नाला बारा वर्षं झाली, पण हिचा आवाज कधी उंबरठ्याबाहेर गेला नाही. माहेर ठाण्याचं, बाप बँकेत, त्या घराला मोठ्यानं बोलायची सवयच नाही. सानपाडा गावात ज्या घरातला आवाज चौथ्या घरापर्यंत जात नाही, त्या घरात कुणीतरी आजारी आहे असं समजतात.

आणि आता पंधरा दिवस हे नवीनच. ऑफिसातून आली, जेवणं आटपली की बाई लेकीची जुनी दुरेघी वही काढून टेबलाशी बसायची. मोबाइलात बघायची, वहीत लिहायची, आणि सासू पाणी प्यायला उठली की वही मिटायची.

"काय लिवतेस गं येवढं?"

"काही नाही आई. असंच. हँबुर्गचं. चार दिवस जायचंय."

हँबुर्ग हे नाव घरात नवं नव्हतं. क्षिप्रा ऐरोलीला ज्या कंपनीत होती, तिथे जर्मनीतल्या लोकांच्या घराच्या विम्याचे फोन यायचे. नऊ वर्षं ती त्या शहराशी फोनवर बोलत होती. पाऊस झाला की तिथल्या कुठल्या गल्लीतल्या तळघरात पाणी शिरतं, कुठल्या पुलाजवळच्या म्हातारीची कौलं दर वादळात उडतात, सगळं तिला तोंडपाठ. पाय मात्र तिथे कधी लागला नव्हता.

मग एका सकाळी चहा पिता पिता प्रीतमनं विचारलं, "आये, तुझा पासपोर्ट कुठं हाय गं?"

गोजराबायनं बशी खाली ठेवली. पासपोर्ट होता. भाचीकडे दुबईला जायचं म्हणून सहा वर्षांपूर्वी काढलेला, लोखंडी कपाटात लुगड्यांच्या खाली, कोरा करकरीत. तिनं उठून तो काढला, पदरानं पुसला आणि लेकाच्या हातात दिला. कशाला हवा, ते विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? या घरातली माणसं एकवीरेला जातात तेव्हा कुणी कुणाला विचारतं का? टेम्पो दारात लागतो आणि घरातलं झाडून सगळं माणूस चढतं. दोघंच कुठे फिरायला जातात, ही गोष्ट तिच्या डोक्यात येण्यासारखीच नव्हती. दोघं जातात ती दवाखान्यात.

खरं तर प्रीतमला पासपोर्ट हवा होता तो बँकेत आईच्या नावाचे कागद भरायला. आधार कार्डावर तिचं नाव चुकलं होतं, एवढीच गोष्ट. पण ती सांगायला तो तोंड उघडेपर्यंत गोजराबाय चपला घालून शेजारच्या ज्ञानेश्वरीकडे पोचलीही होती.

"जर्मनीला चाललोय आमी," ती दारातूनच म्हणाली. "चार दिवसांसाठी. हँबुर्ग."

"अगो बाय! थंडी असंल ना तिथं?"

"थंडीला मी घाबरते? मिठागरात कंबरेएवढ्या पान्यात उभी राहिलेली बाई हाय मी!"

दुपारपर्यंत ही बातमी तिच्या पुतण्याला, नामदेवला कळली. नामदेवला महापालिकेला उभं राहायचं होतं आणि बॅनर लावायला त्याला निमित्तच लागायचं. तिसऱ्या दिवशी गावदेवीच्या नाक्यावर बारा फुटी बॅनर चढला. एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला एक उंच लोखंडी मनोरा, मध्ये नऊवारीतली, गळ्यात पुतळ्यांची माळ घातलेली गोजराबाय. वर लिहिलेलं: "गावाची शान, श्रीमती गोजराबाई देवजी म्हात्रे यांना जर्मनी दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा!" खाली नामदेवचा काळ्या चष्म्यातला फोटो, जवळजवळ काकीएवढाच.

"आजी, हा टॉवर जर्मनीत नाही, पॅरिसला आहे," नात श्रुती म्हणाली.

"असू दे. जाता जाता बगू."

शुक्रवारी महिला मंडळानं देवळात तिचा सत्कार केला. शाल, नारळ, पेढे. बोलायला उभी केली तेव्हा तिनं सांगितलं की जर्मनीत म्हावरं कसं विकतात ते ती स्वतः बघून येणार आहे, आणि तिथल्या बायका माप मारत असतील तर त्यांना दोन शब्द सुनावून येणार आहे. बाया पोट धरून हसल्या.

त्या संध्याकाळी शाल खांद्यावर तशीच ठेवून ती घरी आली. प्रीतम नुकताच वर आला होता, गाडीची किल्ली अजून हातात.

"आये, तो बॅनर..."

"फोटो बरा आलाय ना?"

प्रीतमनं बायकोकडे पाहिलं. क्षिप्रा गॅलरीत उभी होती, तिथून नाका दिसतो. मग वळून म्हणाली, "छान आलाय फोटो, आई."

तिचा चेहरा उतरलेला गोजराबायनं पाहिला आणि मनात म्हटलं, जळली मेली. सासूचा मान बघवत नाही.

पुढच्या सोमवारी दोघं वाशीला तिकिटांच्या ऑफिसात निघाली, तेव्हा गोजराबायही गाडीत जाऊन बसली. आपल्या जागेबद्दल तिला दोन सूचना करायच्या होत्या: विमानात खिडकी पाहिजे, आणि हॉटेल पहिल्या माळ्यावर. प्रीतम काहीतरी म्हणणार होता. क्षिप्रानं नको म्हणून मान हलवली आणि त्यानं गाडी सुरू केली.

ऑफिसातली स्मिता नावाची बाई मोठी बोलघेवडी. क्षिप्रानं तिला हळूच सासूचंही नाव घालायला सांगितलं. तिनं कॉम्प्युटरात पाहिलं, परत पाहिलं, मग क्षिप्राकडे पाहिलं.

"मॅडम, आता तिसरं नाव कसं घालू? तुमच्या दोघांचे व्हिसा कधीच आलेत. एकोणीस दिवसांवर प्रवास आलाय. आजींना व्हिसाची तारीखच दीड महिन्यानंतरची मिळेल. आणि खोली पण तुम्ही दोघांचीच घेतलीय ना, कालव्याकडच्या खिडकीची?" मग ती गोजराबायकडे बघून गोड हसली. "आजी, तुम्ही त्यांना टाटा करायला एअरपोर्टला जा! बारा वर्षांनी हनिमूनला चाललेत बिचारे. जानेवारीत आल्या तेव्हा मॅडम काय म्हणाल्या माहितीय? चार दिवस मिळाले तरी पुरेत."

ऑफिसात आणखी चार गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यातल्या एकानं मोबाइलातून मान वर केली.

क्षिप्रा लगेच म्हणाली, "नाही नाही, आईंचं नाव पहिल्यापासून होतं. माझ्याकडूनच द्यायचं राहिलं. आपण असं करू, तारीखच पुढे ढकलू."

"परत सुट्टी देतील तुम्हाला?"

"बघू."

ते "बघू" गोजराबायला ओळखीचं होतं. बारा वर्षांपूर्वी, लग्नानंतर नवव्या दिवशी, तिचा नवरा देवजी मोरीत पडला होता आणि त्याची उजवी बाजू गेली होती. मनालीची तिकिटं काढलेली होती. तेव्हा गोजराबाय दारात उभं राहून म्हणाली होती, "घरात मानूस पडलाय आन तुमी मजा मारायला चाललाव?" नवी नवरी हिरवा चुडा सावरत म्हणाली होती, "नको आई, पुढे बघू." ते पुढे कधी आलंच नाही. देवजी चार वर्षं खाटेवर होता. त्याच्या चादरी या पोरीनं बदलल्या. गोजराबायनं गावभर सांगितलं की माझी सून असं करते, माझी सून तसं करते. त्या सुनेला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही.

सिडकोच्या साहेबाला त्याच्याच टेबलावर हात आपटून गप्प करणारी ही बाई. आज ती एवढंच म्हणाली, "पानी हाय का?"

परत येताना नाक्यावर सिग्नल लागला. वर बॅनरवरची गोजराबाय हसत होती. गाडीतल्या गोजराबायनं पदर तोंडावर ओढून घेतला, तरी कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या होत राहिल्या. कुणी मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. मार माहीत होता. पण न बोलावता पंगतीत जाऊन बसायचं आणि वाढणाऱ्यानं स्वतःचं ताट आपल्यापुढे सरकवायचं, हे तिला कधी झालं नव्हतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनंच त्याला सात पिढ्या पुरेल इतकं हिणवलं असतं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर तिनं फ्रिजवरची वही काढली. दुसरी झाल्यावर तिची शाळा सुटली आणि मिठागर लागलं, त्यामुळे अक्षर अक्षर लावून वाचावं लागे. एक शब्द मात्र ती बघताक्षणी वाचायची: आई. पहिली चार पानं तिनं चाळली. त्यांत तो शब्द कुठेही नव्हता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असं होतं, बोट होती, विटांची जुनी गोदामं होती, नदीच्या खालून चालत जायचा बोगदा होता, आणि एका कोपऱ्यात लिहिलेलं, "काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं."

पाचव्या पानापासून जिकडे तिकडे आई. "आई – जिना?" "आई – भाकरीचं पीठ." बोगद्यावर काट, शेजारी "आई – गुडघे". रविवार पहाटेच्या मासळी बाजारावर काट, शेजारी "आई – थंडी". आणि त्या कोपऱ्यातल्या ओळीवर तर दोनदा रेघ मारलेली.

गोजराबाय वही मांडीवर घेऊन बसली. घरात कुणी नसतानाही तिला वर बघवेना.

चार वाजता ती शाल घेऊन देवळात गेली. महिला मंडळाच्या सगळ्याजणी जमलेल्या होत्या. तिनं शाल घडी घालून मध्ये ठेवली.

"ही परत घ्या. मी नाय जात."

"का गो?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. "सुनेनं नाय नेली? मी बोललीच व्हती! नोकरीवाली सून, ठान्याची. सासू कशाला पायजे तिला!"

"आजकालच्या सगळ्या तशाच," दुसरी म्हणाली. "तू आपली गरीब म्हनून."

बायांनी सुस्कारे टाकले. गोजराबायच्या पुढे पाट मांडल्यासारखा झाला. नुसती मान हलवायची होती. डोळ्याला पदर लावला असता तर अब्रू तर राहिलीच असती, वर आणखी एक नारळ मिळाला असता. क्षिप्रा या देवळात कधी भांडायला येणार नव्हती.

"गप ऱ्हा ज्ञानेश्वरी," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, म्हणून तिनं परत म्हटलं, "गप ऱ्हा. तिनं मना टाकली नाय. तिनं मना बोलावलीच नव्हती. ती दोघं नवरा-बायको चाललीत, बारा वर्सांनी. टेम्पो लागलेला बघितला आन मीच चढली, कोनाला न इचारता. बॅनर लावून घेतला. तुमच्याकडून शाल घेतली. ती पोरगी सगळं मोडून मना घ्यायला तयार झाली, पन बोलली नाय. चूक माझी हाय. आता हसायचं तर हसा."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं, म्हणजे तिला शिवी तरी देता आली असती. ज्ञानेश्वरीनं नुसती शाल उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि ती दुसरीकडे बघू लागली.

तिथून गोजराबाय नाक्यावर गेली आणि नामदेवला बोलावून घेतलं.

"काकी, आठ दिवस तरी ऱ्हाऊ दे. माझा पन फोटो हाय त्यात."

"तुझा ठेव. माझा काढ."

बॅनर कापून काढता येईना, म्हणून अख्खाच उतरवावा लागला. सुतळ्या सुटेपर्यंत ती खाली उभी राहिली. रिक्षावाले बघत होते, भाजीवाली बघत होती, कुणीतरी विचारलं, "काय मावशी, जाऊन पन आलात?" तिला उत्तर सुचलं होतं, फार चांगलं सुचलं होतं, पण ते तिनं गिळलं.

संध्याकाळी क्षिप्रा आली ती चपलांसकट आत. नाका रिकामा पाहिला होता, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं.

"आई, तुम्ही असं सगळ्यांसमोर कशाला... मी तारीख ढकलली असती. खरंच. मला काही वाटलं नसतं."

"बस आधी," गोजराबाय म्हणाली. क्षिप्रा खुर्चीच्या कडेला बसली. गोजराबाय उभीच राहिली.

"ऐक शिप्रा. तारीख ढकलायची नाय, तुमी दोघंच जा. काल त्या बाईसमोर तू माझी लाज झाकलीस, ते मी मरेपर्यंत इसरनार नाय. सासऱ्याचं केलंस ते पन नाय. तेवा बोलली नाय, आता बोलते. पन तू वाईट केलंस. बारा वर्सं तू हो हो बोलत ऱ्हायलीस आन मी फुगत गेली, फुगत गेली, त्या बॅनरएवढी झाली. एक डाव 'नाय' बोलायचं व्हतंस, बाय. मी तुना खाल्ली नसती. चावली असती, पन खाल्ली नसती."