म्हाताऱ्याचे आठ फटके

तिला सगळे कवळी म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिला तर नाहीच. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्याच करायची. प्लास्टरचा जबडा पुढ्यात घ्यायचा, मेणात एकेक दात बसवायचा, डोळा बारीक करून बघायचं, दाढ केसभर कलली असेल तर उचलून पुन्हा बसवायची. संध्याकाळी घरी आली की हात धुऊन टीव्हीसमोर बसायची आणि मारामारीचा गेम लावायची. आई म्हणायची, "दिवसभर दात बसवतेस आणि घरी येऊन दात पाडतेस. धन्य आहे बाई तुझी!"

दर रविवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये खेळणारे जमत. सहा स्क्रीन, पंचवीस-तीस माणसं, खालून येणारा गरम इस्त्रीचा वास आणि हा आरडाओरडा! दोन सामने हरला तो बाहेर, असा तिथला नियम. कवळी दर रविवारी पहिले दोन्ही सामने हरायची आणि सगळ्यांच्या आधी मोकळी व्हायची. शेजारी जिवंत माणूस येऊन बसलं की तिच्या हातांना काय व्हायचं कुणास ठाऊक, बोटं लाकडासारखी व्हायची. पण सराव मोडमध्ये, जिथे समोर नुसता पुतळा उभा असतो आणि मुकाट मार खातो, तिथे तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोणता फटका किती फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या कितव्या तुकड्यात, बाहेर येतो, कशावर काय जोडता येतं, सगळं तिला तोंडपाठ. मग काय, "कवळी, हे कसं करायचं गं?" "कवळी, हे का लागत नाही?" असं दुपारभर चालायचं, आणि बाकीचा वेळ ती खुर्च्या लावायची.

खुर्च्या लावण्याचाच तिला कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर. त्या हॉलमध्ये आपलं काहीतरी असावं, आपण नसलो तर कुणाला तरी आपली उणीव भासावी, एवढीच तिची इच्छा होती, पण ती फार जुनी आणि फार खोल होती. जिंकून तर ते होणार नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं, व्हिडिओ करायचे. शिकवायचे.

विषय तयारच होता. गेममध्ये एक पात्र होतं, लंगडणारा जुना पहिलवान. सगळे त्याला म्हातारा म्हणत आणि त्याच्या वाटेला कुणी जात नसे. हळू चालणारा, हात आखूड, एकदम टाकाऊ. सगळ्या हॉलमध्ये म्हाताऱ्याला घेऊन खेळणारी माणसं दोनच, एक कवळी आणि दुसरे मास्तर. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. पन्नाशीचे, शांत, शिकाऊ माणसांनी वीस वर्षं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबूनही टिकलेले. तर एका शनिवारी सकाळी सराव मोडमध्ये कवळीला दिसलं की म्हाताऱ्याची खालची लाथ लागल्यावर अर्धं पाऊल पुढे सरकून टक्कर मारली, तर ती जोडली जाते, म्हणजे समोरच्याला मधे ती अडवायला वेळच मिळत नाही. आणि टक्कर जोडली गेली की पुढे सगळंच जोडलं जातं. आठ फटके! अर्धी ताकद साफ! ती ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं आईला गदागदा हलवलं.

"अगं, सोड! कुणाचं काय झालं?"

"म्हाताऱ्याचे आठ लागले, आई! आठ!"

"लागू देत," आई म्हणाली. "आधी हातातली सुरी ठेवू दे मला."

रेकॉर्डिंगचं डबडं तिनं जुनंच घेतलं. माइकला पायमोजा घातला, कारण तिच्या तोंडून प आणि फ आला की फटाका फुटल्यासारखं व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून कपाटाचं दार उघडून आईच्या कपड्यांत तोंड घालून बसली. आणि सुरुवात काही जमेना. "नमस्कार मंडळी," असं ती म्हणायची ते थेट कुणी वारल्याची बातमी दिल्यासारखं. अकरा वेळा केलं, अकरा वेळा पुसलं.

शेवटी आईच म्हणाली, "मला सांगतेस तसं सांग की. मला ओ की ठो कळत नाही, तरी ऐकते ना मी?"

मग ती आईकडे बघून बोलली आणि भरभर बोलली. नंतर दोन संध्याकाळ बसून कापाकापी केली, आणि स्क्रीनच्या डाव्या बाजूला एक सुरेख निळी पट्टी टाकली. त्या पट्टीवर आठही फटक्यांची नावं एकाखाली एक, फटका लागला की नाव उजळायचं. त्या पट्टीवर ती फार खूश होती. दात बसवणाऱ्या बाईचं काम, त्यात फट राहणार नाही.

सकाळी टाकला. दुपारपर्यंत चाळीस जणांनी पाहिला. संध्याकाळी नऊशे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं एका आजीबाईंचा सुळा उलटा बसवला, कारण दर पाच मिनिटांनी ती फोन बघत होती. चार हजार! सात हजार! कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहीत होती, म्हाताऱ्याला कुणीतरी वाली मिळाला म्हणून. एकानं लिहिलं, मी तीन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला सोडलं, आज परत घेतला. हे वाचून तिला इतका आनंद झाला की ती लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन एकटीच हसून आली.

रविवारी हॉलमध्ये शिरली तर टाळ्या! तिच्यासाठी! जो तो म्हाताऱ्याला घेऊन बसलेला आणि जो तो टकरेपाशी अडकलेला. पण कुणाच्या मनात शंका नाही. "हात बसला नाही अजून," म्हणायचे आणि पुन्हा लाथ, पुन्हा टक्कर. या खेळातली माणसं अशीच. काही जमलं नाही की आधी आपल्या बोटांना शिव्या देतात.

मास्तरांनी अंगठा दाखवला. चांगला टपोरा फोड आला होता. "रोज तीन तास," ते म्हणाले. "शिकवणीच्या दोन तुकड्या बंद ठेवल्यात. शनिवारी मोठी स्पर्धा आहे, चार गावांची माणसं येणार. या वेळी म्हाताऱ्यालाच घेऊन उतरतो. तू शोधलंस, मी मारून दाखवतो."

"लागतंय का, मास्तर?"

"एकदाच लागलं. पण लागलं ना! म्हणजे होतंय. चूक माझीच असणार."

कवळी हवेत तरंगत घरी आली.

बुधवारी संध्याकाळी ती दुसऱ्या व्हिडिओची तयारी करत होती. पहिल्याचं मूळ रेकॉर्डिंग, पट्टी लावायच्या आधीचं, स्क्रीनवर चालू होतं. आई कपड्यांच्या घड्या करत मागे बसली होती.

"ते डावीकडे लाल अक्षरात काय येतं गं सारखं?" आईनं विचारलं. "तू टाकलेल्या व्हिडिओत नव्हतं ते."

"कुठे?"

"हे काय. लाथ बसली की येतं. काउंटर की काय."

कवळीनं रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. समोरचा स्वतः मारायला निघालेला असताना मधेच त्याला फटका बसला, तर त्याला काउंटर म्हणतात. असा फटका खाल्लेला माणूस जरा जास्त वेळ झोकांड्या खातो, म्हणून एरवी न जोडलं जाणारंही जोडलं जातं. सराव मोडमध्ये पुतळ्याला कायम तसंच ठेवायची सोय असते. तिनं ती कधीतरी कशासाठीतरी चालू केली होती आणि बंद करायची राहून गेली होती. गेम बिचारा दर वेळी लाल अक्षरात ओरडून सांगत होता, आणि हिनं नेमकी त्यावरच आपली सुरेख निळी पट्टी डकवली होती.

तिनं सोय बंद केली. लाथ, अर्धं पाऊल, टक्कर. पुतळ्यानं टक्कर आरामात अडवली. पुन्हा केलं. पुन्हा अडवली. वीस वेळा केलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"माझं वाटोळं झालं."

आता बघा, कुणाला कळलं नसतं. अकरा हजार माणसं आपापल्या बोटांना शिव्या देत बसली असती आणि कवळी हुशारची हुशार राहिली असती. हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. पण मास्तरांचा फोड काही डोळ्यांसमोरून हलेना. शनिवारी ते चार गावांसमोर लाथ मारणार, टक्कर मारणार, समोरचा ती अडवणार आणि उलट चोपणार, आणि मास्तर म्हणणार, चूक माझीच.

तिनं फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"दोन तुकड्या बंद ठेवल्या मी," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ती रडली, चांगली हुंदके देऊन. रडून झाल्यावर तोंड धुतलं, आईकडे बघितलं आणि एकाच दमात व्हिडिओ केला. पट्टी नाही, संगीत नाही. "माझं चुकलं. पुतळ्याची सोय चालू राहिली होती. हे आठ फटके लागतात, पण समोरचा मारायला निघाला असेल तरच. नुसता उभा असेल तर लागत नाहीत. तुमच्या बोटांची काही चूक नाही." सव्वा मिनिटाचा व्हिडिओ. जेवणाआधी टाकूनही दिला.

लोकांनी धुतलं तिला. 'दाताच्या बाईचे दात घशात.' 'हिचं यापुढे ऐकणार कोण?' तिनं पहिल्या तीस प्रतिक्रिया वाचल्या आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं एकही दात उलटा बसवला नाही, कारण मान वर करायचीच तिला हिंमत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी दारात मास्तर. काखेत आपली खेळायची बटणांची पेटी, चेहरा फुगलेला.

"राग गेला नाहीये," ते म्हणाले. "पण काल तुझा व्हिडिओ बघितला आणि आठवलं. ते एकदा लागलं होतं ना, तेव्हा समोरचा मला मारायलाच उठला होता. म्हणजे त्याला मारायला उठवता आलं पाहिजे. बस इथे. शोधू."

बसले. पण पुतळा मनानं काही मारत नाही, आणि कवळीला शेजारी माणूस आलं की बोटं आखडतात. शेवटी मास्तरांनी दुसरा रिमोट आईच्या हातात दिला. "काकू, तुम्हाला वाटेल तेव्हा कोणतंही बटण दाबा."

आईनं आयुष्यात पहिल्यांदा ते हातात धरलं. सुरुवातीला नुसतीच बावरली. मास्तरांनी म्हाताऱ्याचा खांदा मारला, गेमनं तो आपोआप अडवला. मास्तर अर्धं पाऊल मागे सरकले, आणि आईनं सणसणीत बुक्की हाणली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. खांदा. मागे. आईची बुक्की. दहा वेळा केलं, दहाही वेळा आईनं बुक्की मारली.

"काकू, तेव्हाच का मारता?"

"वा! तो लंगडत मागे पळायला लागला, मग मारणारच ना! हातचा कसा सोडेन?"

मास्तरांनी आणि कवळीनं एकमेकांकडे बघितलं. पुढच्या वेळी मास्तर मागे सरकले आणि आईची बुक्की निघते न निघते तोच खालची लाथ घातली. लाल अक्षरं उमटली. अर्धं पाऊल, टक्कर, आणि मग धडाधड आठ! कवळीनं किंचाळून टाळ्या पिटल्या. आई म्हणाली, "अरे, मेलेच की मी!" मास्तर कित्येक दिवसांनी खदाखदा हसले.

शनिवारी दुपारी मोठ्या हॉलमध्ये तीनशे माणसं. कवळी आईला घेऊन सगळ्यात मागे उभी राहिली, कुणी ओळखू नये अशा बेतानं. मास्तर तिसऱ्या सामन्यात होते आणि समोर गेल्या वर्षीचा विजेता. एकेक फेरी दोघांकडे, आणि शेवटच्या फेरीत म्हाताऱ्याची ताकद बोटभर उरलेली. समोरच्याची निम्मी शिल्लक. पुढे बसलेला कुणीतरी म्हणाला, "संपलं."

मास्तरांनी खांदा मारला. अडवला. म्हातारा लंगडत अर्धं पाऊल मागे सरकला.

"मार, मार!" आई पुटपुटली, आणि समोरच्यानं मारलंच.

लाल अक्षरं! अर्धं पाऊल, टक्कर, तीन, चार, पाच. तीनशे माणसं उभी राहिली. सहा, सात, आठ, आणि विजेता आडवा! कवळीला दिसेनासं झालं, डोळे इतके भरले. स्टेजवर माइकवर बोलणारा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "काउंटर होता! बघितलंत? मारायला निघाला होता, म्हणूनच लागलं! ती बाई म्हणाली होती ना, कवळी, मारायला निघाला असेल तरच! तिनं अगदी बरोबर सांगितलं होतं!"

"कवळी कोण?" त्यांच्या पुढच्याच रांगेतल्या कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं.

आईनं त्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि मुलीला दंडाला धरून पुढे ओढलं.

"ही," आई म्हणाली. "आधी चुकली होती, तीही हीच."

त्या माणसानं कवळीकडे नीट बघितलं आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून ती तिच्यासाठी रिकामी केली.