ताईच्या चेहऱ्यावरून

ठकीला पळवून नेणारा माणूस जिन्यात तिच्या मावशीला घासून खाली उतरला होता. त्याच्या खांद्यावर शाल पांघरलेलं मूल निपचित पडलं होतं. "जरा बाजूला व्हा, ताप आहे तिला," तो म्हणाला, आणि मावशी अंग चोरून भिंतीला टेकली. वर येऊन बघते तर दार सताड उघडं, आणि ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर आलेली ताई लेकीला हाका मारत सगळं घर पालथं घालतेय. मावशी तशीच उलट धावली, पण गल्लीत कोणी नव्हतं.

पोलीस लगेच आले. इन्स्पेक्टरबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

"गल्लीतल्या कॅमेऱ्यात नुसती त्याची टोपी दिसतेय. चेहरा पाहिलाय तो तुम्ही एकटीने. आमचा चित्रकार यायला वेळ लागेल, पण तुम्ही स्वतःच चित्रकार आहात म्हणे? मग डोळे मिटा, आठवा आणि काढा."

मावशीने डोळे मिटले. आत काळोख होता. तो नेहमीच असायचा. 'डोळ्यांसमोर आणणं' ही नुसती बोलायची पद्धत आहे, असंच ती मोठी होईपर्यंत समजत होती. लोकांना खरंच काही दिसतं हे कळलं तेव्हा ती चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि आपल्याला दिसत नाही हे तिने कोणाला सांगितलं नाही. मुलांच्या पुस्तकांची चित्रं ती काढायची ती शेजारच्या पोरांना बाकावर बसवून, आरशात स्वतःचा हात वाकवून.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

"काय दिसत नाही?" ताईने विचारलं.

"डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही."

"ही वेळ आहे का असलं काही बोलायची? ढीगभर पुस्तकं रंगवलीस तू!"

"सगळं समोर ठेवून, ताई."

"म्हणजे तू त्याला ओळखणारसुद्धा नाहीस?" ताईचा आवाज चिरकला.

"समोर आला तर गर्दीतूनही ओळखेन. मनात आणता येत नाही, एवढंच."

इन्स्पेक्टरबाईंनी वही मिटली आणि फोन उचलला. मावशी ताईकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची खिडकीशी ओढली.

"ताई, इथे बस. माझ्याकडे बघ."

ती भराभर काढू लागली. इन्स्पेक्टरबाई मागून डोकावल्या. "अहो, हे तर यांचंच चित्र!"

"हो. आता यात काय चुकतंय ते मला कळेल."

तिने नाक खोडलं, रुंद केलं. नाही, हा नाही. जबडा खाली ओढला. अजून नाही. भुवया जवळ आणल्या. हं, या त्याच्या. त्या तशाच ठेवल्या. रबराने कागद फाटला. तिने दुसरा घेतला. पुन्हा ताई, पुन्हा खाडाखोड. बाहेर कोणाच्या तरी वायरलेसची खरखर चालू होती, पण त्यात ठकीचं नाव येत नव्हतं.

"रडू नकोस. गाल हलतात," ती म्हणाली, आणि ताईने खरंच दात आवळून रडं थांबवलं.

वरची पापणी तिने जड केली, डोळ्यावर अर्धी उतरलेली. जिन्यातला माणूस कागदावरून तिच्याकडे बघत होता.

"हाच!"

ताईने उठून पाहिलं. कान तिचे, कपाळ तिचं, आणि मधे तो. ती मोरीकडे धावली आणि तिला उलटी झाली.

चित्राचा फोटो गल्लीभर फिरला. पाण्याच्या पंपाचं काम करणाऱ्या मिस्त्रीने तो पाहताच कपाळावर हात मारला. "हा तर माझ्या हाताखाली होता! चोऱ्या करतो म्हणून हाकलला." त्या माणसाची खोली कुठे ते त्यानेच दाखवलं. पोलीस दार तोडून आत शिरले, तेव्हा तो सामान बांधत होता. ठकी गुंगीत होती. दवाखान्यात शुद्धीवर येताच तिने पाणी मागितलं आणि सुई टोचली म्हणून नर्सला शिवी दिली.

संध्याकाळी दोघी बहिणी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या.

"आईपण दिसत नाही तुला?" ताईने विचारलं.

"नाही."

"डोळे मिटले की आई समोर उभी राहते, असं मी म्हणायचे तेव्हा तू मान डोलवायचीस."

"तुला वाटलं असतं, मी तिला विसरले."

"आणि मी? तू तुझ्या घरी गेलीस की?"

"तूही नाहीस, ताई."

ताई भिंतीकडे बघत राहिली. तिला राग आला होता, वाईट वाटलं होतं, की दिवसभराच्या दमणुकीने तिचं डोकंच चालत नव्हतं, ते मावशीला कळेना. आतून ठकीची किरकिर ऐकू आली. ताई लगबगीने उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"अगं, बसलीस काय? चल, तुलाच हाक मारतेय ती."