मूठभर ज्वारी

तुमच्या कंपनीच्या गेटचा लोखंडी दांडा मैत्रीच्या डोक्यात पडला, आणि कागदावर तुम्ही लिहिलंत, 'कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष'. दांडा तुमचा, बटण तुमचं, ते आठवडाभर बिघडलेलं हेही तुम्हाला ठाऊक. पण दुर्लक्ष तिचं!

त्याला आठ महिने झाले. खराडीच्या काचेच्या इमारतीत दिवसाला दहा तास कोड तपासणाऱ्या मैत्रीला आता मोबाइलचा उजेडही सोसत नव्हता. बोलता बोलता शब्द हरवायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, भात, भाकरी, साखर बंद. तूप, अंडी, पनीर खा. "फरक पडेलच असं नाही, पण करून बघू. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली, की शरीर चरबीवर चालायला लागलं म्हणायचं."

आज सोळावा दिवस. पट्टी पहिल्या दिवसाइतकीच फिकट.

येरवड्याच्या त्या दीड खोलीत मैत्री गॅसपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. "आई, साखरेचा कण खाल्ला नाही मी. मग या पट्टीला काय धाड भरलीये?"

तिची आई, प्रेमला, परातीपाशी बसली होती. बदामाचं पीठ मळता मळता तिचा हात सवयीनं दुसऱ्या डब्यात गेला. मैत्री थबकली.

"तो कसला डबा?"

"ज्वारीचा."

"आई!"

"अगं, मूठभरच. नुसतं बदामाचं थापलं की फाटतं. कशी टाकू तव्यावर? आणि भाकरीशिवाय माणूस उभा राहतो होय?"

"रोज घालत होतीस?"

"रोज." प्रेमलाचे हात परातीत तसेच राहिले. "चुकलं माझं. तू वाळत चाललीस, मला बघवेना."

मैत्रीला 'फसवलंस' म्हणायचं होतं. तो शब्द ऐनवेळी सापडेना. मैत्रीनं डबा उचलला आणि शेजारच्या यमुनाबाईंकडे देऊन आली.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या कल्याणी मॅडम.

"हाय मैत्री. डाएट संपलं ना? सोमवारी जॉइन होतेस, की राजीनामा मेल करतेस?"

"डाएट आज सुरू होतंय, मॅडम. एक महिना द्या."

"अगं, सोळा दिवस झाले म्हणालीस ना? पॉलिसीत बसत नाही."

"ते सोळा दिवस माझ्या आईमुळे गेले. तिनं पिठाच्या हातांनीच कबूल केलं." पुढचा शब्द यायला वेळ लागला. पलीकडे कीबोर्डची टकटक चालूच होती. "आठ महिने तुमच्या गेटमुळे गेले. ते कोण कबूल करणार? नाव सांगा, मॅडम. लिहून घेते, नाहीतर विसरेन."