गाण्याचा खरा वेग

वर्तमानपत्रं त्यांना ‘आपल्या भागातल्या रॉकचे जनक’ म्हणत. प्रत्यक्षात मात्र सगळे त्यांना मामा म्हणत. याला कारण त्यांची भाची. कॉलेजात असताना ती पहिल्यांदा गिटार घेऊन स्टेजवर चढली आणि समोर साउंड मिक्सरवर बसलेल्या मामांना माइकवरूनच ओरडून म्हणाली, “मामा, मला माझाच आवाज येत नाहीये!” त्या संध्याकाळपासून बँडवाले, साउंडवाले, हॉलचा वॉचमन आणि मामांपेक्षा वयाने मोठा असलेला इलेक्ट्रिशियन या सगळ्यांचे ते मामा झाले. जनकाने मामा म्हणवून घ्यावं यात नात्याचा काहीतरी घोळ आहे, असं सुरुवातीला त्यांना वाटायचं. मग सवय झाली.

मामा प्रसिद्ध होते ते संथ लयीसाठी. बाकीच्या जगातलं रॉक पळतं, आपलं चालतं. आणि चालतं तेही एखाद्या जाडजूड माणसाने जिना चढावा तसं, दमादमाने, प्रत्येक पायरीला आवाज करत. या भागातला कुठलाही बँड घ्या, लय तीच, आवाज तोच खर्जातला. मामांना याबद्दल विचारलं की ते दाढी कुरवाळत आणि थोडं थांबून म्हणत, “आपली माणसं चालतात कशी, ते बघा. सावकाश. मग त्यांचं गाणं कशाला पळेल?”

“तुम्ही स्वतः जिना उतरायचात दोन-दोन पायऱ्या गाळून,” आतून मामी म्हणत. हे वाक्य मुलाखतीत कधी छापून आलं नाही.

खरी गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती, आणि त्यात कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं. बँडची पहिली कॅसेट मामांच्या बहिणीच्या खोलीत रेकॉर्ड झाली. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या आणि मधोमध बहिणीचा टेपरेकॉर्डर होता. तो जरा हळू फिरतोय अशी शंका ड्रमरला आली. ड्रमरचं नाव ढोल्या. अंगाने तो काडीसारखा होता, पण ड्रम वाजवायचा म्हणून ढोल्या. रेडिओ-टेपच्या दुरुस्तीत त्याचा हात चालायचा, म्हणून त्याने मोटरमागचा बारीक स्क्रू पिळला. जरा जास्तच पिळला. रेकॉर्डिंग होताना फीत पळत राहिली. त्याच मशिनवर ऐकलं तेव्हा सगळं उत्तम वाटलं. तीच कॅसेट दुसऱ्या मशिनवर लावल्यावर मात्र गाणं गुडघाभर चिखलातून चालायला लागलं, आणि मामांच्या कोवळ्या, चिरक्या आवाजाला एकदम पन्नाशीचं वजन आलं.

मामा आणि ढोल्या दोघांनी कपाळावर हात मारून घेतला. पण तोवर कॉप्या वाटून झाल्या होत्या आणि लोक वेडे झाले होते. पुढच्या कार्यक्रमात बँडने तेच गाणं त्याच्या खऱ्या वेगाने वाजवलं, तर लोक ओरडले, “हे कुठलं? कॅसेटवालं वाजवा!” मामांनी हात खाली-खाली नेत ढोल्याला खूण केली: हळू घे. ढोल्याने ते गाणं कसंबसं संपवलं, काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि म्हणाला, “मला बैलगाडी हाकायची असती तर बैल घेतले असते.” त्यानंतर त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं. मामांनी आवाजाला शोभावी म्हणून दाढी ठेवली.

तिसऱ्या माहीतगार म्हणजे मामी. लग्नाआधी त्यांनी फक्त कॅसेट ऐकली होती. प्रत्यक्ष भेटीत मामा पहिल्यांदा बोलले तेव्हा, धाकटा भाऊ बोलतोय असं समजून त्या बराच वेळ मोठ्याची वाट बघत बसल्या होत्या.

तर त्या कॅसेटला आता पस्तीस वर्षं होत होती. भाची एके दिवशी सकाळीच येऊन धडकली. जुन्या गोदामाचा आता हॉल झाला होता. तिथे मोठा कार्यक्रम ठरला होता आणि भिंतीवर बोर्ड लागणार होता. मजकूर तिने वाचून दाखवला: ‘आपल्या संथ लयीचे जनक’, आणि खाली मामांचं पूर्ण नाव. ते कुणालाच माहीत नसल्यामुळे तिला आईकडून घ्यावं लागलं होतं.

मामांनी तो मजकूर दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा दाढी कुरवाळली.

“आणि एक सरप्राइज,” भाची म्हणाली. “ड्रम वाजवायला ढोल्याकाका. मी विचारलं. ‘बघतो’ म्हणाले.”

मामांचा हात दाढीतच थांबला.

तसं दोघांचं भांडण नव्हतं. मामांचे सगळे अॅम्प, म्हणजे गिटारचे अॅम्प्लिफायर, ढोल्याकडेच दुरुस्तीला जात. फक्त इतकी वर्षं दोघं एकमेकांशी फ्यूजखेरीज कशावरही बोलले नव्हते. दुपारी मामा एक धडधाकट अॅम्प उचलून दुकानात गेले.

ढोल्याने तो लावून बघितला. “याला काही झालेलं नाही.”

“माहीत आहे. वाजवणार आहेस?”

“वाजवीन. पण गाणं त्याच्या वेगाने घ्यायचं.”

“अरे, बोर्ड लागतोय!”

“काय लिहिलंय?”

मामांनी सांगितलं. ढोल्याने चष्मा कपाळावर सरकवला. “जनक? स्क्रू मी पिळला.”

“मग सांग ना जगाला.”

“गिऱ्हाइकं काय म्हणतील? याला टेप नीट करता येत नाही म्हणतील.”

“आता टेप आणतं कोण तुझ्याकडे?”

“कुणी नाही. पण अब्रू म्हणून काही असतं की नाही?”

मामा स्टुलावर बसले. “हे बघ, मधला काहीतरी वेग धरू. ना तुझा, ना माझा.”

“मधल्या वेगाने रिक्षा चालते. गाणं नाही.” ढोल्याने अॅम्प त्यांच्या मांडीवर ठेवला. “एकदा, रे. मरायच्या आधी एकदा ते गाणं जसं होतं तसं ऐकायचंय. मग लाव तुझा बोर्ड.”

आता मामांची पंचाईत अशी होती की नाही म्हणावं तर भाची कारण विचारणार. हो म्हणावं तर बोर्डावरचा पडदा दूर व्हायच्या आत त्यावरचा मजकूर खोटा पडणार, कारण ज्याला कान आहेत त्याला कळेलच की हे गाणं जन्माला आलं तेव्हा पळत होतं. शिवाय दम हा एक प्रश्न होताच. त्या आठवड्यात मामा बाथरूममध्ये नळ मोठा सोडून खऱ्या वेगाचा सराव करत राहिले.

“अहो,” मामींनी दार ठोठावलं, “पोलीस मागे लागलेत का?”

कार्यक्रमाच्या दिवशी जेवण होताच ते हॉलवर गेले. स्पीकरला हात लावायचा नाही अशी भाचीची ताकीद होती, म्हणून त्यांनी फक्त दोनच उचलले. मग एका पोराने कोपरावर पिळून गुंडाळलेली केबल त्यांनी हिसकावून घेतली आणि पुन्हा सैल वळशांनी गुंडाळली. तो पोरगा आणि त्याच्यासारखे आणखी कितीतरी याच हातांकडे बघून केबल गुंडाळायला शिकले होते. तिथल्या प्रत्येक बँडकडे मामांचा एखादा अॅम्प होता, उसना नेलेला आणि कधी परत न मागितलेला. कॉलेजच्या प्राचार्यांच्या दारात बसून त्यांनी हॉल मिळवले होते. प्रेमभंगामुळे फुटलेले बँड चहा पाजून जोडले होते. पण याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांनाही वाटलं नाही. सांगण्यासारखी ती संथ लय.

बोर्डावर पडदा होता. मामांनी तिकडे बघायचं टाळलं.

तालीम करायला ढोल्याने साफ नकार दिला होता. “गाणं पाठ आहे,” एवढंच तो म्हणाला होता. तो ड्रममागे बसला, त्याने काठ्या वर धरल्या आणि एकमेकींवर आपटून चार मोजले. पहिल्या दोन आकड्यांतच गिटार घेऊन उभ्या असलेल्या भाचीचे डोळे विस्फारले. चौथ्याला गाणं सुटलं ते सुटलंच.

पहिलं कडवं मामांनी असं म्हटलं की मामी खुर्चीत ताठ बसल्या. शब्द जिभेवर आपोआप येत होते. बहिणीची ती खोली, भिंतीच्या गाद्या आणि आपल्याला काहीतरी जमतंय ही तेव्हाची खात्री, सगळं एकदम परत आलं. जनकबिनक काही नव्हतं. फक्त एक चिरका पोरगा होता आणि त्याला घाई होती. समोरचे लोक गोंधळून एकमेकांकडे बघत होते, पण मामांना त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या कडव्यात दम संपला. एक शब्द गिळला गेला, मग अख्खी ओळ गेली. मामा तोंड उघडत होते आणि त्यातून हवा येत होती. त्यांनी मागे वळून बघितलं. हात खाली नेऊन ‘हळू घे’ म्हणायची ती जुनी खूण त्यांच्या हाताला अजून पाठ होती. हात छातीपर्यंत उचललाही गेला. मग त्यांनी तो परत माइकवर ठेवला आणि पुढची ओळ धरायला धावले. ती पुढे निघून गेली होती.

ढोल्याला मागून दिसत होते ते फक्त मामांचे खांदे. ते भात्यासारखे वर-खाली होत होते. त्याने एक शिवी हासडली. ती ड्रमच्या माइकमधून थोडीशी बाहेरही आली. आणि मग लय उतरायला लागली. एकदम नाही. एखादा माणूस धावता धावता बरोबरच्यासाठी पाय आवरता घेतो, तशी. मागोमाग भाचीची गिटार हळू झाली, बेस गिटारही. शेवटी ड्रम त्या जिना चढणाऱ्या जाडजूड चालीवर आले. लोकांना गाणं ओळखू आलं. सगळा हॉल उसळला आणि तिसरं कडवं मामांच्या वतीने लोकांनीच म्हणून टाकलं. मामा माइक धरून नुसते उभे होते. श्वास घेणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

गाणं संपल्यावर स्टेजच्या मागे दोघं एका स्पीकरवर टेकले.

“तू हळू घेतलंस,” मामा म्हणाले.

“माझा खांदा धरला होता.”

“कुठला?”

ढोल्याने आधी एक खांदा दाखवला, मग विचार करून दुसरा. “पहिलं कडवं झकास झालं पण,” तो म्हणाला. “तेवढंच ऐकायचं होतं मला.”

भाची धावत आली, ती बोर्डावरचा पडदा ओढायला मामांना न्यायला. मामा उठले नाहीत. “आज राहू दे तो झाकलेला,” ते म्हणाले. “पेंटरला परत बोलव. त्यात याचं नाव राहिलंय.”

“मामा, आता जागा नाही रे त्यावर!”

“बारीक अक्षरात लिही म्हणावं. हा कुठे जाड आहे?”

महिना झाला नाही तोच भागातले सगळे बँड गाणी जोरात सुरू करून मध्येच हळू करायला लागले. एक पत्रकार मुलगी घरी आली आणि या नव्या शैलीमागचा विचार तिने विचारला. मामांचा हात दाढीकडे गेला, पण अर्ध्यावरून खाली आला. “विचार कसला? माझा दम संपला,” ते म्हणाले, “म्हणून ढोल्याने हळू घेतलं. आणि मूळची संथ लय हवी असेल तर ती टेपरेकॉर्डरच्या स्क्रूमुळे आली. तो त्याने पिळला होता.” मुलीने मान डोलावत सगळं लिहून घेतलं. मुलाखत छापून आली, तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘यंत्रयुगातला मानवी श्वास: मामांचं चिंतन’. मामींनी ती कापून फ्रिजला लावली.

पेंटरने बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ढोल्याचं नाव कसंबसं कोंबलं होतं. बोर्ड भिंतीला लावायला ढोल्या स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढला. मामांनी खालून स्टूल धरलं.

“बेताने,” मामा म्हणाले. “जास्त पिळू नकोस.”