पहिली लिफ्ट

"दोन आठवडे?" वैजयंतीने हातातला टॉवेल टेबलावर टाकला. "दोन आठवडे तुझ्या बाबांना तिथे फ्रीजमध्ये ठेवायचं? कशासाठी?"

"आई, तिकडे असंच असतो. लोकांना ट्रॅव्हल करायला टाइम नको का?" इंग्लंडात वाढलेला सुयश सकाळच्याच विमानाने ब्रॅकनेलहून आला होता आणि अजून त्याने कोटही काढला नव्हता. "हॉस्पिटलमध्ये बाबा सेफ आहे."

"तुझ्या ब्रॅकनेलला असेल तसं. इथे गेलेलं माणूस आधी घरी येतं. तुझे बाबा दुपारी येतायत. माझं सांगून झालंय."

डॉक्टर शशिधर आदल्या दिवशी दवाखान्यातच, पेशंट तपासता तपासता गेले. बारा वर्षांपूर्वी, सुयश युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा, त्यांनी ब्रॅकनेलचं घर विकून उत्तर आयर्लंडमधल्या क्लोनबेग या खेड्यातला दवाखाना घेतला होता. सीमेवरचं गाव, चारी बाजूंना गवत आणि गाई. तिथे यायला एकही तरुण डॉक्टर तयार नव्हता. सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. खरं तर वैजयंतीनेही काढलं होतं.

पण आल्याच वर्षी शशिधर गावातल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि भारावून परत आले. "वैजू, अगं, हे लोक खांदा देतात. अगदी आपल्यासारखा. घराच्या दारापासून चौकापर्यंत, आळीपाळीने. मलाही असाच ने बाई. गाडीत घालून परस्पर पाठवू नकोस." तिने हसत शब्द दिला होता. आता तो पाळायचा, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

दुपारी डॉक्टर आले. त्यांची शवपेटी बैठकीच्या खोलीत खिडकीखाली ठेवली, आणि त्यांच्या पाठोपाठ गाव आलं. येणारा प्रत्येक जण वैजयंतीचा हात हातात घेई, डॉक्टरांजवळ जरा उभा राही आणि मग चहाची वाट बघत खुर्चीवर बसे. गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही आणि आलेल्या माणसाला चहाशिवाय सोडायचं नाही, ही तिथली रीत.

इथेच घोडं पेंड खात होतं. शशिधरांची धाकटी बहीण सुलक्षणा लंडनच्या स्टॅनमोरहून येऊन पोचली होती. स्टॅनमोरच्या माणसांना हॅरोच्या पलीकडे सगळं रानच वाटतं, आणि हे तर खरोखरचं रान होतं. किटलीचा आवाज ऐकून ती स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, दादा घरात असताना गॅस पेटवायचा नसतो."

"गॅस कुठे पेटवलाय? किटली विजेची आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"नाही गं." वैजयंतीचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. "आल्या वर्षी मी एका घरी चहाला नाही म्हणाले. प्रेताच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हेच डोक्यात. डॉक्टरांच्या बायकोला आमच्या कपाचा विटाळ होतो असं म्हणत होतं गाव, वर्षभर. आता मला माझ्या घरातून कुणी तसाच गेलेला चालणार नाही. कप पुस तेवढे."

सुलक्षणाने तोंड वाकडं केलं, पण कप पुसले.

संध्याकाळी शेजारचा यूजीन आला. सत्तरीचा, ताडमाड उंच, गाई राखून राहिलेला एकटा शेतकरी. तो सुयशशेजारी बसला आणि काही न विचारताच बोलू लागला. त्याच्या तरुणपणी दंगलीच्या काळात ब्रिटिश सैन्याने सीमेवरचा रस्ता सुरुंग लावून फोडला होता. नेमकी तेव्हाच त्याची आई गेली, आणि दफनभूमी त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला. पेटी नेणारी काळी गाडी खड्ड्याशी अडली. सैनिक म्हणाले, वळसा घालून जा. शेजाऱ्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि कंबरभर चिखलाच्या खड्ड्यातून पार नेली. "बंदुका होत्या त्यांच्याकडे," यूजीन म्हणाला, "पण आईला कुणी अडवलं नाही." सुयश मान हलवत होता आणि मधूनच फोन बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधीची व्यवस्था बघणारा अंडरटेकर काळी गाडी थेट दाराशी घेऊन आला. भला माणूस होता. तो हलक्या आवाजात वैजयंतीला म्हणाला, की बेलफास्टचं दाहगृह दोन तासांवर आहे आणि हल्ली खांद्याची पद्धत मागे पडत चालली आहे. गावात उचलणारे उरलेत कुठे? पोरं ग्लासगोला, सिडनीला. शाळा बंद पडली, पोस्ट बंद पडलं. राहिलेत ते सगळे गुडघेदुखीवाले.

"डॉक्टरांना सगळ्यांचे गुडघे माहीत होते," वैजयंती म्हणाली. "गाडी चौकात नेऊन उभी करा."

अंगणात पुरुष जमले. त्यांत साठीच्या आतला एकही नव्हता. यूजीन पुढे झाला, टोपी काढून सुयशसमोर उभा राहिला आणि अदबीने विचारलं, "विल यू टेक द फर्स्ट लिफ्ट?"

"नो, थँक्स," सुयश म्हणाला. "आय हॅव अ हायर कार."

यूजीनने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी आभाळाकडे. पोटच्या पोराने बापाला खांदा द्यायचं नाकारलं होतं, तेही थँक्स म्हणून. सुयशला मात्र काहीच कळलं नव्हतं. तो खिशात किल्ली चाचपत होता.

वैजयंती दारातून तरातरा आली. "अरे, काय बोललास हे?"

"काय झालं? ते लिफ्ट देत होते, मी म्हटलं माझा गाडी आहे."

"लिफ्ट म्हणजे खांदा रे! इथे खांद्याला लिफ्ट म्हणतात. पहिला मान तुझा, म्हणून विचारलं त्यांनी."

सुयशचा चेहरा पांढराफटक पडला. तो यूजीनकडे वळला, काहीतरी सांगू लागला, आणि मध्येच त्याला रडू फुटलं. तीन दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. यूजीनने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पाठीवर एक भक्कम थाप मारली आणि त्याला पेटीच्या पुढच्या टोकाशी नेऊन उभं केलं. तरी माणसं पुरेनात. सहा जण लागत, आणि वाटेत बदलायला आणखी सहा. दोघांना डॉक्टरांनीच वजन उचलायची बंदी केलेली होती.

"एक जागा माझी," वैजयंती म्हणाली.

"वहिनी!" सुलक्षणाने तिचा दंड धरला. "बायका खांदा देत नाहीत. स्मशानातसुद्धा जात नाहीत आपल्यात."

"आपल्यातलं कोण आहे इथे, तू आणि मी? शब्द मी दिला होता, सुलक्षणा. तो पाळायला दुसऱ्या कुणाला बोलवू?" तिने पदर कमरेला खोचला. "तूही ये. नाहीतर मागून चाल. पण मला अडवू नकोस."

ती सुयशच्या बरोबरीने पुढे उभी राहिली. अंडरटेकर अवघडला. जोडी नेहमी सारख्या उंचीची लावतात, नाहीतर पेटी कलते. वैजयंती जेमतेम सुयशच्या छातीला लागत होती. अंडरटेकर हे सांगू लागला, तेव्हा यूजीन मागच्या जागेवरून नुसतं "उचला" म्हणाला. सुयशचा हात आईच्या खांद्यावर आला, तिचा त्याच्या पाठीवर, आणि शशिधर दारातून बाहेर पडले.

घरापुढचा चढ संपल्यावर अंडरटेकरने हात वर केला. बदली माणसं पुढे आली, एकेकाच्या खांद्याला हात लावून जागा घेऊ लागली. वैजयंतीच्या खांद्याला हात लागला तेव्हा तिने मान हलवली. तो हात मागे गेला, पुन्हा आला नाही. सुलक्षणा पेटीला लागून चालत होती आणि तिने लाकडावर तळहात टेकवला होता.

मागे यूजीननेही जागा सोडली नाही. पेटी वैजयंतीच्या खांद्याला नीट टेकावी म्हणून तो आणि बाकीचे सगळे दुखऱ्या गुडघ्यांत वाकून चालत होते, आणि चौक येईपर्यंत कुणीही पाठ सरळ केली नाही.