चेरीचा शनिवार

रालित्सानं भिंतीला पाठ टेकली, श्वास रोखला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पुढे आलेल्या सज्ज्याची सावली रस्त्यावर तिरपी पडली होती, आणि सावलीच्या कडेला उन्हाचा एकच पट्टा होता. वरून एक म्हातारा सायकल हातात धरून दगडी गोटे बसवलेल्या रस्त्यानं सावकाश उतरत होता. तो पट्ट्यात आला की खटका दाबायचा. आणखी थोडं. आणखी थोडं.

"रालित्सा, बनित्सा गरम आहे गं!"

मोमचिल नेमका पट्ट्यात येऊन उभा राहिला. हातात चीज भरलेल्या बनित्साचा तेलकट कागद, मिशांना पापुद्र्याचा चुरा. म्हातारा सायकलसकट त्याच्यामागून निघून गेला.

रालित्सानं कॅमेरा खाली घेतला. खिशातलं फडकं काढून ती काचेवर फिरवत राहिली. काच स्वच्छच होती.

"चिडलीस का?" मोमचिलनं विचारलं.

"तू दिसत नाहीस का रे स्वतःला? एवढा डोंगरासारखा आहेस."

"दिसलो की नाही फोटोत, तेवढं सांग."

"दाबलाच नाही."

"मग चिडतेस कशाला? वाचला की फोटो!"

वेसेला पायरीवर बसून बूट काढून तळवा चोळत होती. ती हसली, मग रालित्साचा चेहरा बघून तिनं हसू गिळलं. सोफियाहून सकाळच्या गाडीनं निघाल्यापासून हेच चाललं होतं. प्लोवदिव शहरातले निम्मे चढ पायाखालून गेले होते. प्रत्येक कोपऱ्यावर रालित्सा थांबायची, भिंतीला चिकटायची, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कुणाची तरी गाडी, कुणाचं कुत्रं, नाहीतर मोमचिल. आडवं काहीच आलं नाही तर तिचं बोट दाबायला तयार व्हायचं नाही.

कॅमेरा त्यांच्या मित्राचा, यावोरचा होता. जुना, जड, रोल घालायचा. हिवाळ्यात डोंगरातून परतताना यावोरची गाडी घसरली, आणि तो गेला. चाळीस दिवसांचे विधी झाल्यावर त्याच्या आईनं तो कॅमेरा कपड्यात गुंडाळून रालित्साच्या हातात दिला होता. "आत रोल आहे," ती म्हणाली होती. "थोडाच उरलाय. तुम्ही तिघं मिळून संपवा, मग धुवायला द्या. त्यानं शेवटी काय काय बघितलं ते कळू दे मला."

थोडाच उरला होता, आणि तोच संपत नव्हता. रालित्साला वाटायचं, त्याच्या फोटोंच्या रांगेत बसायचं तर फोटोही तसाच हवा. कबुतरं नकोत, चर्चचे कळस नकोत, आपलेच दात काढलेले चेहरे नकोत. इतक्या महिन्यांत तिनं मोजकेच फोटो काढले होते. रोल छत्तीस फोटोंचा, आणि आज आकडा पस्तिसावर होता. म्हणजे एकच राहिला.

"हे बघ," मोमचिल बोटं चाटत म्हणाला, "माझ्या बुटाचा काढ. भिंतीचा काढ. पण संपव एकदाचा. त्याची आई दर आठवड्याला फोन करते, आणि उचलतो मी. काय सांगू तिला? रालित्साला अजून ऊन पसंत पडलं नाही म्हणून?"

"बुटाचा काढायचा असता तर त्यानंच काढला असता."

"त्यानं काढलेही असतील. यावोर म्हणजे काय मोठा कलावंत होता? वितोशा डोंगरावर तंबू घेऊन आला आणि काठ्या घरी विसरला!"

"पुरे," वेसेला हळूच म्हणाली.

रालित्सा पुन्हा भिंतीला टेकली. पट्टा अरुंद होत चालला होता. वरून आता एक बाई येत होती, निळा झगा, डोक्यावर पाव ठेवलेली परात. अशी बाई दिवसभरात एकदाच दिसते. रालित्सानं श्वास रोखला.

शेजारचं दार उघडलं आणि काळ्या रुमालातली एक आजी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर टोपलं, टोपल्यात अक्रोडाची पानं, पानांवर चेरी.

"घे गं पोरी."

"आजी, जरा बाजूला व्हा ना!"

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. निळ्या झग्याची बाई दचकून गल्लीत वळली.

आजी हलली नाही. "होतेच आहे बाजूला. थोडेच दिवस राहिलेत. तोवर चेरी तरी घे."

"हात मोकळे नाहीत माझे."

"मग करून घे. कुणी पळून नाही जात."

मोमचिल मधे आला. त्यानं ओंजळ पुढे केली; आजीनं चेरी दिल्या आणि कागदी पेल्यातले साखर घातलेले उकडलेले गहूही दिले.

"धन्यवाद, आजी!"

आजीनं त्याच्या मनगटावर चापट मारली. "धन्यवाद काय म्हणतोस? कुठे वाढलास रे तू? आज कुठला शनिवार आहे? मेलेल्यांच्या नावानं वाटायचा. मी तुला देत नाहीये. माझ्या स्तामेनला देतेय. तू फक्त तोंड आहेस."

मोमचिल कानापर्यंत लाल झाला. "देव त्यांना क्षमा करो," तो पुटपुटला. लहानपणी पाठ केलेलं काहीतरी अचानक आठवावं तसा.

"हां. आता कसं. आणि तुमचं कोण आहे?"

मोमचिल पेल्यातले गहू बघू लागला. रालित्साचा अंगठा कॅमेऱ्याच्या रोल पुढे सरकवायच्या दांडीवर होता, तो तिथेच राहिला.

"कुणी नाही कसं?" आजी म्हणाली. "तुमच्या वयाला नसावं खरं. पण तुमचे चेहरे सांगतात."

"यावोर," वेसेला म्हणाली.

आजीनं मूठभर चेरी घेतल्या, वर अक्रोडाचं एक पान ठेवलं आणि डोळे मिटले. "स्तामेनला आणि यावोरला," ती म्हणाली. दोघं एकाच घरातले असावेत अशा सहजपणे. मग मूठ वेसेलाच्या हातात रिकामी केली.

जाता जाता तिनं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "माझा एक काढ. दारावर लावायच्या मरणाच्या कागदासाठी. मी गेल्यावर मुलगा ओळखपत्रावरचा लावेल. त्यात मी कोंबड्या चोरणारी दिसते."

मोमचिल फसकन हसला. रालित्सा हसली नाही. शेवटचा एक. तिनं गल्लीकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा गेला होता. आजी तोवर भिंतीसमोर ताठ उभी राहिली होती, टोपलं पायाशी, हात पोटावर, नजर थेट कॅमेऱ्यात. असे फोटो रालित्सा कधी काढत नसे. पण आजीनं आत्ताच यावोरचं नाव घेतलं होतं, आणि तिला नाही कसं म्हणायचं ते रालित्साला सुचेना.

तिनं खटका दाबला.

"झालं?"

"झालं, आजी. पाठवते तुम्हाला."

आजी टोपलं उचलून खाली चौकाकडे गेली. रालित्सानं दांडी ओढली. रोल संपला, आता ती अडायला हवी होती. ती अडली नाही. अलगद फिरली.

"कधी कधी एखादा जास्त निघतो," ती म्हणाली. तिनं भिंतीवर रोखून खटका दाबला आणि पुन्हा दांडी ओढली. तशीच सैल.

मोमचिल चघळायचा थांबला होता. तो कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाकडे बघत होता, रोल उलटा गुंडाळायच्या छोट्या चक्रीकडे.

"पुन्हा ओढ."

तिनं खटका दाबून ओढली.

"ही फिरत नाहीये," मोमचिल म्हणाला. "दांडीबरोबर हिनंही फिरायला हवं ना?"

वेसेलानं एक पाय बुटात घातला होता, दुसरा तसाच राहिला.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "आत काही असलं तर उजेडानं जळून जाईल."

रालित्सा सज्ज्याच्या सावलीत गेली. अजून दोनदा तिनं खटका दाबून दांडी ओढली, चक्रीवरून नजर न काढता. मग मागचं झाकण उघडलं.

फिल्मची जीभ चाकाच्या खाचेपर्यंत पोचलीच नव्हती. बोटभर अलीकडे, मुडपून पडली होती. बाकीची सगळी डबीतच होती, यावोरनं घातली तशी. त्यावर ना डोंगर होता, ना त्यानं शेवटी बघितलेलं काही. तिनं भिंतीला चिकटून काढलेले फोटोही नव्हते, आणि आजीही नव्हती.

"गाढव," मोमचिल म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "काठ्या विसरणारं गाढव." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"त्याच्या आईला काय सांगायचं?" वेसेलानं विचारलं.

रालित्सानं मुडपलेली फिल्म चिमटीत धरली. जीभ नखानं सरळ केली, खाचेत घातली, चाकाचे दात फिल्मच्या भोकांत बसलेत का ते वाकून पाहिलं. झाकण लावलं. दांडी ओढली. चक्री फिरली.

मग ती उतारावरून निघाली.

आजी चौकात भेटली. टोपल्यात तळाशी थोडंच उरलं होतं.

"आजी, फोटो पुन्हा काढायचाय."

"का गं? डोळे मिटले होते का माझे?"

"नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

आजी रुमाल सारखा करू लागली. रालित्सानं कॅमेरा गळ्यात सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. आजीनं उरलेल्या चेरी त्यात घातल्या. फार पिकलेल्या होत्या. बोटांमधून रस गळला.

"यावोरला," आजीनं आठवण करून दिली.

"देव त्याला क्षमा करो," रालित्सा म्हणाली. तिनं सगळ्या चेरी एकदम तोंडात भरल्या, बिया गालात ठेवल्या आणि कॅमेरा उचलला. दांडीवर अंगठ्याचा लाल ठसा उमटला. फडकं खिशात होतं. ते तिनं काढलं नाही.